धैंच्याची ओटी

लग्न होऊन आठवडाही झाला नसेल, तोच सासरी मी डाळीवरून भांडण काढलं. भांडण मी काढलं असं घरातले सगळे सांगत आले. माझ्या मते ते डाळीनं काढलं.

मी केडगावची. आमच्याकडे तूरडाळ चुलीवर ठेवून भाजी निवडायला बसलं, की निवडून व्हायच्या आत डाळ शिजायची. इथं राहुरीच्या अलीकडच्या वस्तीवर मी लाकडामागून लाकूड सारत होते, डोळ्यांतून धुराचं पाणी गाळत होते, आणि डाळ आपली खड्यासारखी पातेल्यात नाचत होती. तासभरानं सासूबाई आत आल्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. पातेल्यात डोकावून त्यांनी विचारलं, "कुठलं पानी घातलंस?"

"विहिरीचं. ही काय दारात आहे ती."

त्या हसत सुटल्या. "आगं पोरी, ती इहीर नुस्ती बगायची हाय. तिच्या पान्यात दगूड शिजंल, डाळ न्हाई शिजायची."

मग मला आदल्या दिवशीच का नाही सांगितलं, म्हणून मी तोंड सोडलं. नव्या नवरीनं असं बोलू नये हे मला कळत होतं, पण तोपर्यंत बोलून झालेलं होतं. आत्याबाई काही बोलायच्या आत ओट्यावरून मामंजींचा आवाज आला. मामंजी म्हणजे माझे सासरे.

"पान्याला काय झालंय? गोड हाय पानी."

ते रोजच असं म्हणत. सकाळी उठून पोहरा विहिरीत सोडायचे, ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचे, खळखळवायचे आणि गिळायचे. गिळताना त्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा व्हायचा. मग मिशा पुसून, समोर कुणी असो वा नसो, जाहीर करायचे, "गोड हाय." आमचे हे, म्हणजे माझे यजमान, तेव्हा खाली मान घालून बैलांना वैरण टाकत असायचे. बापाच्या तोंडावर खोटं कोण म्हणणार?

विहीर मुळात गोडच होती. खारट झाली ती तिच्या शेजारच्या थोरल्या तुकड्यामुळे, आणि थोरला तुकडा बिघडला तो मामंजींच्या प्रेमापायी.

मामंजींचं बालपण पाथर्डीकडच्या कोरड्या माळावर गेलेलं. तिथं पाण्याचा तांब्याही जपून लवंडायचा. त्यांच्या वडिलांनी सगळं विकून प्रवरेच्या पाटाखाली जमीन घेतली, तेव्हा मामंजी नुकतं मिसरूड फुटलेलं पोर होते. पहिल्यांदा पाटाचं पाणी शेतात शिरलं तेव्हा आपण त्यात लोळलो होतो, हे ते म्हातारपणीही लाजत लाजत सांगायचे. त्या तुकड्यात त्यांनी ऊस लावला, आणि पाहुण्याला आग्रह करून वाढावं तसं त्याला पाणी दिलं. पाळी आली की पाणी, शेजाऱ्याला नको असलं तर त्याच्याही पाळीचं पाणी. उसामागून ऊस. जमिनीनं कधी "पुरे" म्हटलं असेल तर ते यांना ऐकू आलं नाही. जमिनीच्या पोटात पाणी साचत गेलं, त्याच्याबरोबर खालचा खार वर आला, आणि माझं लग्न झालं तेव्हा थोरला तुकडा चोपण होऊन पडला होता. उन्हाळ्यात त्याच्यावर पांढरी खपली धरायची, पायाखाली पापडासारखी मोडायची. पावसाळ्यात तिथंच पाऊल घोट्यापर्यंत रुतायचं. गवताची काडी उगवत नव्हती. गावातला परीट मात्र खुशीत असायचा. कपड्यांना लावायला तो तिथली पांढरी माती टोपलीनं न्यायचा, आणि मामंजी त्या वेळी मुद्दाम दुसरीकडे बघायचे.

प्यायचं आणि रांधायचं पाणी आम्ही पाटाच्या वरच्या अंगाच्या विहिरीवरून आणायचो. जाताना पाटाचा भराव चढायचा, फळीवरून पलीकडे जायचं आणि येताना डोक्यावर हंडा घेऊन तेच उलटं करायचं. आत्याबाईंनी हे कैक वर्षं केलं होतं. मधे मोठा दुष्काळ पडला होता. तो सरत आला त्या वर्षी, रोहिण्यांच्या शिडकाव्यानं भराव निसरडा झाला होता, आणि त्या हंड्यासकट घसरल्या. हंडा चेपला, गुडघा सुजला. मी त्यांना धरून घरी आणलं. खाटेवर बसल्या बसल्या त्यांनी मामंजींना बोलावून घेतलं.

"आवं, ऐका. मला आता हितं ऱ्हायचं न्हाई. रस्त्याच्या कडंला आपला वाफा हाय, तिथं घर बांधा. तिथं नळ आलाय. ही वस्ती मोडा आन् ती इहीर बुजवा."

मामंजींचं तोंड उतरलं. ही विहीर त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी मिळून खणली होती. वडिलांचा शेवटचा घोटही तिच्याच पाण्याचा होता. ते एवढंच म्हणाले, "गोड हाय गं पानी."

"गोड हाय? मग पोळ्याचं पुरण शिजवून दावा त्या पान्यात. शिजलं तर मी मरस्तवर हितनं हलायची न्हाई. न्हाई शिजलं तर घर रस्त्याला."

"ह्या पोळ्याला न्हाई," मामंजी घाईनं म्हणाले. "पुढल्या."

"बरं, पुढल्या. पर त्याच्या पुढल्या न्हाई."

असा आमच्या घरचा करार झाला. हरभऱ्याची डाळ तुरीहून हट्टी, हे मला ठाऊक होतं. मामंजींना ते ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

ग्रामसेवक म्हणून एक तरुण शेतीचा सल्ला द्यायला सायकलवर यायचा. त्याला पाहिलं की मामंजी एरवी गोठ्यात सटकत. करार झाल्यावर मात्र ते स्वतः त्याला हाक मारायला गेले. त्यानं तुकडा पाहिला, माती चुरगाळली आणि सांगितलं, की आधी साचलेल्या पाण्याला वाट करा, मग हिरवळीच्या खताचा धैंचा पेरा. धैंच्याची मुळं ही आवळलेली माती फोडतील. पहिली फुलं दिसली की सगळं हिरवं उभ्याउभी नांगरून गाडा. ते कुजलं की माती मोकळी होईल आणि पावसाचं पाणी खार धुऊन खाली नेईल. तुकडा सुधारला की विहीरही हळूहळू सुधारेल.

आत्याबाई दारात गुडघा शेकत ऐकत होत्या. त्यांच्या न्हाणीचं पाणी अळू आणि कर्दळीच्या वाफ्यातून जायचं. त्यातला थेंब त्या पुढे वाहू देत नसत. "झाडं घान पानी पितात, ह्ये खरं हाय," त्या म्हणाल्या. "पर पुरण शिजवतील का, ते बगू."

पाण्याला वाट करायचं काम तसं आधीच झालं होतं. दुष्काळात पाट आटला, शेतात काम उरलं नाही, तेव्हा नुसतं बसवेना म्हणून मामंजी आणि आमचे हे यांनी तुकड्याच्या कडेनं ओढ्यापर्यंत पुरुषभर खोल चारी खणली होती. त्या वेळी लोक त्यांना हसले होते. पाणीच नाही, आणि हे पाणी काढून द्यायला निघालेत म्हणून.

मृगात पाऊस झाला आणि धैंचा पेरला. काही ठिकाणी तो उगवलाच नाही, पण उगवला तिथं असा तरारून वर आला की आम्ही बघतच राहिलो. किती वर्षांनी त्या तुकड्यावर हिरवं दिसत होतं. मामंजी जेवायचे बांधावर, चहा प्यायचे बांधावर. धैंच्याला ना कणीस ना खायचा दाणा, पण हे त्याच्याकडे गव्हाच्या राशीकडे बघावं तसे बघत. रस्त्यानं जाणारे विचारायचे, "मामा, ह्याचं काय करनार? आमटी का भाजी?" मामंजी त्यांनाही बसवून घ्यायचे आणि धैंचा दाखवायचे.

आणि इथंच सगळं अडलं. श्रावणात धैंच्यावर पिवळी फुलं आली. ग्रामसेवकानं निरोप पाठवला, आता गाडा. मामंजींनी नांगर काढला, फाळ तपासला, बैल जुंपले, बांधापर्यंत गेले आणि परत आले.

"काय झालं?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"बैल बुजत्यात," मामंजी म्हणाले. बैल रवंथ करत उभे होते.

दुसऱ्या दिवशी नांगराची दोरी जुनी निघाली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पोटात दुखलं. उभ्या पिकात नांगर घालायचा म्हणजे काय, हे माळावरून आलेल्या माणसाला सांगायला नको होतं. त्यांनी जन्मात तसं केलं नव्हतं, आणि हे पीक तर खारातून वर आलेलं. शेवटी आत्याबाई मदतीला धावल्या, पण मदत भलत्याच बाजूनं केली.

"घरात पोटुशी सून हाय," त्यांनी ठणकावलं. "फुलावर आलेल्या पिकात नांगर घालायचा न्हाई. ती माहेरी जाऊन बाळंत हूं दे, मंग बगू."

ती पोटुशी सून म्हणजे मी. सातवा सरत आला होता. माहेरून चोळी आली होती, ओटी भरून झाली होती आणि वडील दोन दिवसांत न्यायला येणार होते.

ग्रामसेवक आला. त्यानं धैंच्याची एक काडी वाकवली. ती मोडताना कट् असं वाजलं. "आता लाकूड व्हायला लागलंय," तो म्हणाला. "आणखी थांबलात तर गाडून उपयोग नाही. कुजणारच नाही." आणि सायकलवर बसून निघून गेला.

 मामंजी विहिरीच्या काठावर जाऊन बसले. त्यांचा तो पाठमोरा सदरा मला अजून दिसतो. एका बाजूला हिरवा तुकडा, दुसऱ्या बाजूला विहीर, आणि दोन्हींतलं एक वाचवायला दुसऱ्यावर नांगर घालायचा. मला त्यांची इतकी कीव आली, की माझा नेहमीचा संताप उसळला. कीव आली की मी चिडते, हा माझा जन्माचा स्वभाव आहे.

"आत्याबाई," मी म्हणाले, "माझं नाव पुढे करू नका. परवा तुम्ही माझी ओटी भरलीत ती कशासाठी? मला मारायला काढलंय का तुम्ही?"

"आगं, काय बोलतीस! माहेरी धाडतोय तुला."

"मग त्याचीही ओटी भरा आणि धाडा माहेरी. मातीतून आलंय, मातीत चाललंय. ते त्याचं माहेरच आहे. मला चार महिने लागतील, त्याला कमी लागतील. पण दारात अडवून ठेवलंत तर दोघांचंही काही खरं नाही."

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. पण त्या उठल्या आणि लंगडत आत गेल्या. परत आल्या तेव्हा सुपात खण होता, नारळ होता, गहू होते आणि हळदी-कुंकवाचा करंडा होता.

एवढ्या सगळ्या झाडांतून ओटी भरायची ती कुणाची, यावर बांधावर बराच खल झाला. शेवटी मामंजींनीच कडेचा एक उंच, फुलांनी लगडलेला धैंचा दाखवला. "ह्यो," ते म्हणाले, "सगळ्यांत आधी ह्योच उगवला हुता." आत्याबाईंनी त्याच्या बुंध्याशी खण ठेवला, ओंजळीनं गहू घातले आणि नारळ ठेवला. हळद लावताना चिमूट सांडली. पांढऱ्या मातीवर पडलेली ती पिवळी हळद ओलाव्यानं बघता बघता लाल झाली. मला वाटलं, कुंकूच सांडलं.

"खारानं हुतंय तसं," मामंजी हळूच म्हणाले.

आत्याबाईंनी त्यांचं ऐकलंही नाही. त्यांना तो शकुन वाटला होता. त्यांनी त्या झाडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि माझ्या पाठवणीला म्हणाल्या असत्या तसं म्हणाल्या, "सुकानं जा."

मग मामंजींनी पागोटं काढून बांधावर ठेवलं आणि बैलांना हाक दिली. पुढे आमच्या ह्यांनी फळी ओढून धैंचा आडवा केला, मागून नांगर चालला. हिरवा वास सगळ्या वस्तीवर पसरला. नांगराची पहिली ओळ धरताना मामंजी रडत होते. उघड रडत होते, सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसत. माणूस असावा तर असा, असं तेव्हा माझ्या मनात आलं, आणि ते मत मी आजवर बदललेलं नाही.

मी केडगावला गेले. मुलगी झाली. तिला घेऊन परतले तेव्हा थंडी सरत आली होती आणि थोरल्या तुकड्यात गहू उभा होता. तान्ह्या पोरीच्या जावळासारखा, कुठं दाट आणि कुठं टक्कल. मामंजींनी नातीला आधी देवापुढे नाही नेलं, गव्हापुढे नेलं. पण विहीर होती तशीच होती. पुढच्या मृगात पुन्हा धैंचा पेरला, श्रावणात पुन्हा ओटी भरली, आणि करारातला पोळा येऊन ठेपला.

त्या दिवशी आत्याबाईंनी विहिरीतून स्वतःच्या हातानं पाणी ओढलं. लबाडी नको म्हणून. हरभऱ्याची डाळ, चिमूटभर हळद, पाणी, सगळं सर्वांसमोर पातेल्यात पडलं. मामंजी अंगणात बैलांची शिंगं रंगवायला बसले, ते दाराकडे पाठ करून. मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पदराखाली पोरीला पाजत होते.

डाळीला उकळी आली. फेस आला, गेला. बराच वेळ झाला. आत्याबाईंनी पळीवर दाणा घेऊन चिमटीत दाबला. तो फुटला, पण पीठ झालं नाही. आणखी लाकूड सारलं, पुन्हा दाबला. तेच. त्या जिंकल्या होत्या. रस्त्याकडेचं घर, नळ, हंड्यापासून सुटका, सगळं त्यांच्या चिमटीत होतं.

त्यांनी दाराबाहेर पाहिलं. मामंजी बैलाच्या कपाळाला बाशिंग बांधत होते आणि त्याला काहीतरी समजावून सांगत होते. बहुतेक पाणी गोड आहे, हेच. आत्याबाई त्यांच्या पाठीकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे नजर टाकली. मी मान खाली घातली होती, पण डोळा तिकडेच होता. फळीवरचा पापडखाराचा डबा त्यांनी उतरवला, चिमूटभर खार डाळीत टाकला आणि डबा होता तिथं ठेवला.

ज्या खारानं त्यांचा गुडघा गेला त्याच्याच जातीची ती चिमूट. थोड्याच वेळात डाळ लोण्यासारखी झाली.

मामंजींनी पुरणपोळीचा पहिला घास घेतला. "सांगत हुतो का न्हाई?"

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या, "सांगत हुता तुमी."

पुरण तांबूस दिसतंय, असं आमचे हे म्हणाले, तर आत्याबाईंनी गुळाला दोष दिला. मी गप्प राहिले. मला गप्प बसायला लावणारे प्रसंग माझ्या आयुष्यात थोडे, त्यातला हा एक. त्या दिवशी मला ती बाई माझ्या आईइतकी आवडली. दुसऱ्या सकाळी त्या हंडा उचलायला वाकल्या, तेव्हा तो मी त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि पुन्हा त्यांना पाटाच्या भरावावर चढू दिलं नाही.

पुढचं वर्षही तसंच गेलं. पाऊस, चारी उपसणं, धैंचा, ओटी, नांगर. ऊस मामंजींनी त्या तुकड्यात परत लावला नाही. पाणी देताना ते आता मध्येच वाकून माती चिमटीत घ्यायचे आणि ओल पुरेशी वाटली की पाण्याचं बारं बंद करायचे. पुन्हा पोळा आला. पुन्हा डाळ चुलीवर चढली. आत्याबाईंची तगमग नको, म्हणून मी पापडखाराचा डबा काढला आणि मुकाट त्यांच्याजवळ ठेवला.

त्यांनी डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा एकदम पोरीसारखा झाला.

"तुला म्हाईत हुतं व्हय गं?"

मी मान डोलावली. त्यांनी पळीवर दाणा घेतला, माझ्या तळहातावर ठेवला आणि अंगठ्यानं दाबला. तो पिठासारखा पसरला.

"ठेव त्यो डबा जाग्यावर," त्या म्हणाल्या. "शिजलीया. कवाच शिजलीया." आणि पदर तोंडाला लावून त्या खाली बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. मीही त्यांच्याजवळ बसले.

जेवायला पान मांडलं. मामंजींनी पोळी मोडली, आतलं पुरण बोटानं उघडून नीट पाहिलं, आणि ताटातून मान वर न करता म्हणाले, "औंदा पिवळंधमक झालंय. गेल्या साली तांबूस हुतं."

आत्याबाईंचा वाढता हात थांबला. मामंजी खात राहिले. आत्याबाईंनी त्यांच्या ताटात न मागता आणखी एक पोळी वाढली, तिच्यावर तुपाची धार धरली, आणि ते "बास" म्हणायची वाट बघत उभ्या राहिल्या. मामंजी बास म्हणाले नाहीत.